ढगळ टी-शर्ट, मामाचा प्रश्न आणि संशोधनाचा विषय

मागच्या दिवाळीत घरी, अंबडला गेले होते. पवननगरमधून एक टी-शर्ट घेतला. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, बाह्या कोपरापर्यंत, आणि घेर असा की आत आणखी एक जण सहज मावेल. हल्ली याला ओव्हरसाइज्ड म्हणतात, आपल्याकडे साधं ढगळ म्हणतात. घालून बाहेर आले तर मामाने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "हे कुणाच्या मापाचं घेतलंस गं?" मग थोडं थांबून म्हणाला, "घाल, छान दिसतंय. फक्त हे घालून मशीनजवळ जाऊ नकोस."

मामा अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ड्रिलिंग मशीनवर होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रात्रपाळीत त्याच्या सैल शर्टाची बाही फिरत्या ड्रिलमध्ये गुंडाळली गेली. शेजारच्याने स्विच बंद केला म्हणून हात वाचला. कोपर मात्र आजही पूर्ण सरळ होत नाही.

ही हकीकत मी लहानपणापासून ऐकत आले. पण त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं की माझ्या आणि मामाच्या कपड्यातला ढगळपणा एकच आहे. मला तो आरामाचा वाटतो, शोभून दिसतो, मी त्याचे पैसे मोजते. मामासाठी तोच ढगळपणा धोका होता. मग "ढगळ कपडा चांगला" हे नेमकं कोण ठरवतं आणि कधीपासून?

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलाय. सगळ्यांची तक्रार एकच असते, "विषय सापडत नाही." म्हणून आज टी-शर्टसारखा किरकोळ वाटणारा विषय घेऊन तो संशोधनाचा प्रश्न कसा होतो ते दाखवते. मी विज्ञान शाखेची, इतिहासाची नाही. माझं काम कापडातून उष्णता आणि घाम कसा जातो यावर आहे. पण इतिहास नीट वाचल्याशिवाय माझ्याही प्रश्नाला धार आली नाही.

पहिला मसुदा, पहिली चूक

मी उत्साहात एक टिपण लिहिलं. त्यातलं पहिलं वाक्य होतं, "ढगळ टी-शर्ट ही पाश्चात्त्य फॅशन असून ती अलीकडे भारतात आली." गाईडने त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि तीन शब्द लिहिले, "कशावरून? कोणता भाग?"

दुसरा प्रश्न महत्त्वाचा होता. "ढगळ टी-शर्ट" ही एक वस्तू नाही, तीन गोष्टींची गाठ आहे. एक, विणलेलं लवचिक कापड. दोन, डोक्यातून घालायचा, बटणं नसलेला इंग्रजी टी अक्षरासारखा आकार. तीन, अंग आणि कपडा यांच्यात मुद्दाम ठेवलेली मोकळी जागा. तिघांचा इतिहास वेगवेगळा आहे. मी तिन्ही एकत्र ढवळून एकच वाक्य केलं होतं. तुमचा विषय हाताला लागत नसेल तर आधी तो असा सुटा करून बघा.

शब्द कुठून आले?

पहिली गोष्ट कापडाची. मराठीत आतल्या बनियनला गंजीफ्रॉक म्हणतात, निदान आपले आजोबा तरी म्हणायचे. हा शब्द ग्वर्नसी या बेटाच्या नावावरून आला. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रातलं हे बेट. तिथले खलाशी आणि कोळी लोकरीचा विणलेला अंगरखा घालत, त्याला ग्वर्नसी फ्रॉक म्हणत. खलाशांबरोबर तो शब्द आपल्या बंदरांत उतरला आणि त्याचं गंजीफ्रॉक झालं.

बनियन शब्दाचा प्रवास याच्या उलटा आहे. तो आपल्याकडून गेला आणि बदलून परत आला. इंग्रज आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना बनिया या शब्दावरून बन्यन म्हणत. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये पुरुषांनी घरात घालायच्या सैल, लांब झग्याला हेच नाव पडलं. बाहेर जाताना तंग कोट, घरी आल्यावर बनियन. पुढे आपल्याकडे मात्र हा शब्द अंगाला चिकटून बसणाऱ्या आतल्या कपड्यासाठी रुळला. म्हणजे बनियन आधी ढगळ होता आणि नंतर तंग झाला!

या झग्याची एक गोष्ट तुम्हाला आवडेल. बेंजामिन रश नावाचा अमेरिकन डॉक्टर होता, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. १७८३ मध्ये चार्ल्स विल्सन पील या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं, त्यात तो पुस्तकांच्या शेजारी असाच झगा घालून बसलाय. सैल कपड्यांत बुद्धी मोकळेपणाने चालते आणि म्हणूनच अभ्यासू माणसांची चित्रं झग्यात काढतात, असं त्याचं मत होतं. हॉस्टेलवर तीन दिवस एकाच ढगळ टी-शर्टमध्ये थिसिस लिहिणाऱ्यांनी हे मत जपून ठेवायला हरकत नाही.

पण यातली एक गोष्ट नोंदवा. रशचा ढगळपणा बसून काम करणाऱ्याचा आहे. त्याच्या आसपास फिरतं चाक नाही.

पांडवलेणीतला कपड्यांचा हिशेब

आता तिसरी गोष्ट, मोकळी जागा. ती शोधायला मला लांब जावं लागलं नाही. अंबडहून पाथर्डी फाट्याकडे निघालं की महामार्गालगत त्रिरश्मीचा डोंगर दिसतो, तीच पांडवलेणी. शाळेच्या सहलीत आपण सगळे तिथे जाऊन आलोय आणि बहुतेकांनी फक्त पायऱ्या मोजल्यात.

तिथल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. उषवदात हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. सुमारे १९०० वर्षांपूर्वीची गोष्ट. एमिल सेनार या फ्रेंच विद्वानाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाशिकच्या लेखांचं जे वाचन प्रसिद्ध केलं, ते आजही अभ्यासक आधाराला घेतात. या लेखात उषवदात सांगतो की त्याने लेण्यातल्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण कायमचे ठेवले आहेत. कुठे ठेवले? गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे. गोवर्धन म्हणजे गंगापूरजवळचं आजचं गोवर्धन गाव, असं मानलं जातं. त्यातले २००० एका श्रेणीकडे शेकडा एक व्याजाने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आणि २००० च्या व्याजातून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे कपड्यासाठी.

आता कागद घ्या आणि हिशेब करा. व्याज वर्षाला शेकडा एक धरलं तर २००० वर २० कार्षापण मिळतील. २० भिक्षूंना एकेकच. हिशेब जुळत नाही. व्याज महिन्याला शेकडा एक धरा. महिन्याला २०, वर्षाला २४०. भागिले २० भिक्षू, प्रत्येकी बरोबर १२. म्हणजे व्याज मासिक होतं हे त्याच लेखातल्या आकड्यांवरून पक्कं होतं. हे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा मला लॅबमधला आलेख जुळल्यासारखा आनंद झाला. इतिहासातला पुरावाही असा तपासता येतो. कुणीतरी म्हटलंय म्हणून मान हलवायची गरज नसते.

यात ढगळ कपड्याचा काय संबंध? प्रत्येक भिक्षूला रक्कम सारखी आहे. उंच-बुटका, जाड-बारीक असा भेद नाही. आणि तो करायची गरजही नव्हती, कारण चीवर हे तुकडे जोडून केलेलं आयताकृती वस्त्र, अंगाभोवती गुंडाळायचं. माप कापडात नसतं, नेसण्यात असतं. धोतर आणि नऊवारी यांचंही तेच. अंगाचं माप घेऊन कापड कापलं की तो कपडा त्या एकाच माणसाचा होतो. न कापलेलं वस्त्र कुणालाही होतं.

इथे एक सापळा आहे आणि मी त्यात जवळजवळ पडले होते. "चीवर ढगळ, टी-शर्ट ढगळ, म्हणजे ढगळ टी-शर्ट मूळचा आपलाच!" असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणून एकीतून दुसरी निघाली असं सिद्ध होत नाही. चीवरापासून टी-शर्टपर्यंत एकही सलग दुवा माझ्याकडे नाही. मी एवढंच म्हणू शकते की कपड्याचं माप अंगाशी काटेकोर जुळलंच पाहिजे हा नियम सगळीकडे आणि सदासर्वकाळ नव्हता. हे छोटं विधान आहे, पण त्याखाली पुरावा आहे.

शिवलेल्या कपड्यांतही हे दिसतं. शेतकऱ्याची पैरण, बंद बांधून घालायची बाराबंदी, कोपरी, या सगळ्यांत हातापायाला हालचाल करायला जागा ठेवलेली असते. आणि घरोघरी चालणारा "वाढत्या अंगाचं" हा शब्द आठवा. शाळेचा गणवेश जूनमध्ये मुद्दाम दोन बोटं मोठा शिवायचा, म्हणजे तो पुढच्या वर्षीही होतो आणि मग धाकट्याला जातो. आमच्याकडे ढगळपणा फॅशनमधून आला नाही, काटकसरीतून आला. म्हणून मामाचा "कुणाच्या मापाचं" हा प्रश्न टिंगल नव्हता. त्याच्या लहानपणी मोठा कपडा म्हणजे दुसऱ्याचा कपडा.

मशीन आलं आणि बाही आवरावी लागली

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ सुरू झालं. नाशिकला आधी सातपूर आणि मग अंबड अशा वसाहती उभ्या राहिल्या. शेजारी सिडकोच्या योजनांतली घरं झाली आणि आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं येऊन राहिली. आमचं घरही त्यातलंच. पैरण घालणाऱ्याच्या मुलाने इथे खाकी किंवा निळा युनिफॉर्म चढवला.

कपड्याच्या मापाबद्दल कायदा काय म्हणत होता? १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम २२ बघा. यंत्र चालू असताना त्याची तपासणी करायची, तेल द्यायचं किंवा पट्टा चढवायचा असेल तर ते काम फक्त खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करायचं. आणि पुढे कंसात असं की हे कपडे कारखाना चालवणाऱ्याने पुरवायचे.

तो कंस मी मामाला वाचून दाखवला. तो हसला. म्हणाला, "आम्हाला वर्षाला एक जोडी मिळायची. ती फाटली की घरचा शर्ट." त्या रात्री त्याच्या अंगावर घरचा शर्ट होता. त्याचं काम बरोबर कलम २२ मध्ये बसत होतं की नाही, हा वकिलांचा प्रश्न आहे. पण अपघाताच्या कागदावर कारण लिहिलं गेलं होतं, "कामगाराने सैल कपडे घातल्यामुळे." इतिहास वाचताना असं वाक्य दिसलं की थांबा. वाक्य खोटं नाही. पण ते कुणी लिहिलं, आणि त्यात काय लिहिलं नाही? युनिफॉर्मची दुसरी जोडी कुठे होती, हे त्या कागदावर नाही.

माझ्या विज्ञानाचा प्रश्न इथेच सुरू झाला. तंग कपडा यंत्राजवळ सुरक्षित, पण एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तो अंगाला कसा लागत असेल? १९८० मध्ये नेचर या नियतकालिकात श्कोल्निक आणि सहकाऱ्यांचा एक छोटा निबंध आला होता, वाळवंटातले बेदुईन काळे झगे का घालतात यावर. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापत होता, तरी अंगापर्यंत पोहोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच निघाली. जादाची उष्णता मधल्या मोकळ्या जागेत, हवेबरोबरच निघून जात होती. म्हणजे ढगळ कपड्यातलं खरं काम ती जागा करते. कामगाराकडून आपण नेमकी तीच जागा काढून घेतो, आणि त्यालाही कारण आहे. हात वाचवायचा की अंग थंड ठेवायचं, हा पेच माझ्या थिसिसच्या पहिल्या पानावर आहे.

टी-शर्ट तंग होता, मग सैल झाला

आता दुसरी गोष्ट, आकार. विणायचं यंत्र १५८९ मध्ये विल्यम ली या इंग्रज माणसाने केलं, ते मोज्यांसाठी. टी-शर्टचा आकार मात्र बराच नंतरचा. १९१३ च्या सुमारास अमेरिकी नौदलाने असा सुती शर्ट गणवेशाच्या आत घालायला दिला. टी-शर्ट हा शब्द १९२० मध्ये स्कॉट फिट्झेराल्डच्या पहिल्या कादंबरीत छापलेला सापडतो. १९५१ च्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या चित्रपटात मार्लन ब्रँडोने तो घातला तेव्हा आतला कपडा बाहेर आला. पण तो अंगाला घट्ट होता, दंड दाखवणारा.

ढगळ टी-शर्टचं एक गाजलेलं दृश्य १९८४ चं आहे. लंडनमध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या स्वागत समारंभात कॅथरिन हॅमनेट ही डिझायनर गुडघ्याकडे पोचणारा पांढरा टी-शर्ट घालून गेली. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की ५८ टक्के लोकांना पर्शिंग क्षेपणास्त्रं नकोत. एवढी मोठी अक्षरं मावायला कापडही मोठंच लागतं. त्याच दशकात अमेरिकेत हिप-हॉप ऐकणाऱ्या पोरांमध्ये ढगळ कपडे रुळत होते. बारीक तपशिलात जात नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आणि माप? १९४१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने सुमारे १५,००० स्त्रियांची मापं घेऊन अहवाल काढला. तयार कपड्यांच्या साइजसाठी केलेलं ते पहिलं मोठं काम. पण त्यात फक्त गोऱ्या स्त्रियांची मापं धरली होती. आपल्याकडे निफ्टने २०१८ मध्ये भारतीय साइज ठरवण्याचा प्रकल्प जाहीर केला, मुंबईसह सहा शहरांतल्या २५,००० लोकांची मापं स्कॅनरने घ्यायची अशी ती योजना. तोवर बहुतेक कंपन्या परदेशी तक्ते थोडे इकडेतिकडे करून वापरत आल्या. ढगळ टी-शर्ट विकणाऱ्याला सोयीचा का, याचं एक उत्तर मला इथे दिसतं. सैल कपडा चुकीचं माप झाकून घेतो. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. कुणाला एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय हवा असेल तर घ्या, खुशाल.

मग घ्यायचा कोणता?

एवढं वाचलंत तर कामाचंही सांगते. ढगळ दिसण्यासाठी एक साइज मोठा घेऊ नका. मोठ्या साइजमध्ये गळा आणि लांबीही वाढते, मग कपडा मागून आणलेला वाटतो. ढगळ म्हणूनच बेतलेला घ्या. त्यात खांदा उतरवलेला आणि घेर वाढवलेला असतो, पण लांबी आवरलेली असते. लांबी कमरेखाली चार-पाच बोटं पुरे. गळ्याची पट्टी घट्ट विणीची बघा, ती लोंबली की सगळा टी-शर्ट लोंबतो. कापडाच्या वजनाचा आकडा लेबलवर असतो, चौरस मीटरला किती ग्रॅम. १८० च्या खालचं पातळ कापड घामाने अंगाला चिकटतं आणि ढगळपणाचा अर्थच जातो. २२० ते २४० चं कापड अंगापासून सुटं राहतं, पण उन्हाळ्यात जड होतं. सुती विणलेलं कापड पहिल्या धुण्यात लांबीला जास्त आटतं, तेवढी सूट धरा.

आणि बर्नर, सेंट्रिफ्यूज, लेथ किंवा ड्रिलजवळ काम असेल त्या दिवशी तो टी-शर्ट हॉस्टेलवरच ठेवा. लॅबकोट वरून घातला तरी सैल बाही बाहीच असते.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी शेवटी एक गृहपाठ. तुमच्या विषयातला तुम्हाला सगळ्यात साधा, माहितीचा वाटणारा एक शब्द घ्या. त्याचे तीन भाग करा. प्रत्येक भागापुढे लिहा की तो कुणासाठी चांगला होता, कुणासाठी नव्हता आणि हे कोणत्या कागदावरून कळतं. जिथे कागद सापडणार नाही तिथे घरातल्या कुणाला तरी विचारा. मी मामाला पुढच्या भेटीत कोपर मोजू देशील का म्हणून विचारलंय. किती अंशांपर्यंत सरळ होतो ते मला नोंदवायचंय. तो म्हणाला, "मोज. पण कागदावर या वेळी नीट लिही."